नॅनो पावडर हाताळायचीय? आधी पंखा बंद करा

कोल्हापुरातल्या एका कॉलेजची केमिस्ट्री लॅब सांभाळते. एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, नाहीतर चांदीचे नॅनोकण (नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचे कण), यातलं काहीतरी निम्म्या टेबलांवर असतंच. हुपरीकडची पोरं हमखास म्हणतात, "मॅडम, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीचंच काम, आम्हाला काय होतंय?" त्यांना मी गणित घालते. एक सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा, त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 10 नॅनोमीटरचे ठोकळे केले तर 600 चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची चार मैदानं भरून वर उरेल. धातू तोच, पण शरीराशी भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढला. कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेच्या नायोश संस्थेने 2011 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हवेतली मर्यादा सुचवली ती याच हिशेबानं: साध्या बारीक धुळीला घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, नॅनोला फक्त 0.3.

धोका कुठं आहे ते नीट बघा. बीकरमध्ये, पाण्यात असेपर्यंत कण सहसा उडत नाहीत. खरी भानगड भट्टीतून क्रुसिबल (पावडर तापवायची मूस) बाहेर काढल्यावर सुरू होते. खरवडणं, खलात घोटणं, वजन करणं, सगळं कोरडं. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि पोरं त्याच्याखालीच बटर पेपरवर पावडर ओततात! पंखा बंद म्हणजे बंद. घोटताना चालत असेल तर थोडं इथेनॉल घाला, फक्त भट्टी आणि बर्नरपासून लांब.

वजनाची माझी रीत अशी. रिकामी कुपी झाकणासकट तोलायची, फ्युम हूडमध्ये (हवा आत ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट) नेऊन काच खाली ओढायची, आत पावडर भरायची, झाकण लावायचं आणि मग परत काट्यावर. उघडी पावडर काट्यापर्यंत येतच नाही. लॅमिनार हूड यासाठी वापरू नका. त्यातली हवा नमुना स्वच्छ ठेवायला तुमच्या तोंडावर येते.

मास्क शेवटी. एन-95 घ्या, सर्जिकल नको. "नॅनो आहे, आरपार जाणार" असं काही नसतं. अतिबारीक कण हवेत सैरावैरा नाचत तंतूंवर आदळून चिकटतात. गळती होते ती कडेच्या फटीतून. दाढीवाल्यांनी काय ते समजून घ्यावं.

सांडलं तर ओल्या टिश्यूनं टिपा. केरसुणी नको, फुंकर तर नकोच. टिश्यू, हातमोजे दोन झिप पिशव्यांत, वर नाव आणि तारीख. चांदीचं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. गावातलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं, आणि द्रावणातले चांदीचे आयन (विद्युतभारित कण) शेवाळाला, पाण्यातल्या बारीक जिवांना मारक असतात. ते घातक कचऱ्याच्या बाटलीत जाऊ दे. अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण मात्र साठवायचंच नाही, त्यात स्फोटक संयुग तयार होतं. त्याच दिवशी गाईडसमोर सौम्य नायट्रिक आम्ल घालून मोकळं व्हा.

हातमोजे काढल्याशिवाय मोबाइलला हात लावू नका. ॲप्रन लॅबमध्येच राहील. ॲप्रन घालून कँटीनला कटवडा खायला निघालेला कोणी दिसला, तर मी दारातूनच परत पाठवते, मग तो सुवर्णपदकवाला का असेना.