बॉक्स घरी यायच्या आधी: नागपुरातल्या कार्डवेड्यांसाठी तयारीची यादी

खेळाडूंची जमवायची कार्डं बंद पाकिटांच्या बॉक्समधून विकली जातात. त्यांच्या नव्या सेटची तारीख जाहीर झाली की पैसे भरायच्या आधी त्याची चेकलिस्ट काढून शांतपणे वाचा. कुणाचं साधं कार्ड आहे, कुणाची सही आहे, कुणाच्या जर्सीचा तुकडा आहे, ते तिथेच कळतं. जाहिरातीत ज्याचा फोटो मोठा, त्याची सही त्या सेटमध्ये असेलच असं नाही. मग स्वतःची छोटी यादी करा: कोण हवाच, कोण निघाला तर आनंद, आणि कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. त्याच कागदावर बजेटचा आकडा लिहा. बास्केटबॉलवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. एनबीएचा परवाना 2025-26 च्या हंगामापासून पानिनी या कार्ड कंपनीकडून टॉप्स या दुसऱ्या कंपनीकडे गेलाय, त्यामुळे इतक्या वर्षांत पाठ झालेली सेटांची नावं आता कामाची नाहीत.

बॉक्स हॉबी (कार्डांच्या खास दुकानांसाठीचा) आहे की रिटेल (साध्या दुकानांसाठीचा), हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. एका बॉक्समागे इतक्या सह्या, असं आश्वासन सहसा हॉबी बॉक्सवर असतं. रिटेलमध्ये बहुतेक सगळा नशिबाचा मामला. पाकिटावर 1:24 छापलं असेल तर ती सरासरी आहे, तुमच्या चोवीस पाकिटांत एक निघेलच असा वायदा नाही. पॉल स्कीन्स या बेसबॉलपटूचं सही असलेलं, पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं एकमेव कार्ड लॉस एंजेलिसच्या 11 वर्षांच्या मुलाला पाकिटात निघालं आणि मार्च 2025 मध्ये लिलावात 11 लाख डॉलरच्या वर गेलं. ज्यांना काहीच निघालं नाही त्यांची बातमी होत नसते. माझं मत विचाराल तर एकाच खेळाडूचं कार्ड हवं असेल तर बॉक्स घेऊच नका. दोन-चार आठवडे थांबा, भाव बहुतेक वेळा उतरतात, मग सुटं कार्ड घ्या. घेताना लोक काय मागतायत ते बघू नका, शेवटचं कितीला विकलं गेलं ते बघा.

सुटं कार्ड घ्यायचं तर विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवाच. पुढची बाजू सगळ्यांचीच देखणी असते, खरं काय ते पाठीवर बारीक अक्षरात असतं. तुकडा ‘गेम-यूज्ड’ म्हटला असेल तर तो सामन्यात वापरलेल्या कपड्याचा. ‘प्लेयर-वर्न’ म्हटला असेल तर खेळाडूने जर्सी अंगात घातली होती एवढंच. फोटोसाठी दोन मिनिटं घालून काढली असेल तरी चालतं. आणि कोणत्याही विशिष्ट सामन्याशी या तुकड्याचा संबंध नाही, असं वाक्य असेल तर दोन-तीन रंगांच्या झकास पॅचलाही भुलू नका. सहीचंही तसंच. थेट कार्डावर केलेली सही वेगळी आणि पारदर्शक स्टिकरवर करून नंतर चिकटवलेली वेगळी. कार्ड तिरकं धरलं की स्टिकरची कड दिसते. दोन्ही खऱ्या, पण पहिलीला मान जास्त आणि भावही जास्त. सहीऐवजी रिडेम्प्शन कार्ड, म्हणजे खरं कार्ड नंतर मागवायचा कोड छापलेलं कार्ड, असेल तर त्यावरची मुदत आधी वाचा. कोड निघाला त्याच दिवशी नोंदवा, आणि खरं कार्ड यायला महिनोन्महिने लागू शकतात हे धरून चाला.

परदेशातून मागवताना बँकेच्या ॲपमध्ये डेबिट-क्रेडिट कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू आहे का बघा. केवायसीची कागदं हाताशी ठेवा, कुरियरवाले मागतात. कस्टम ड्युटी वाहतुकीचा खर्च धरून लागते, ती बजेटमध्ये घाला. किंमत कमी दाखवा असं विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढ्याच किमतीची.

चार मित्र मिळून वर्गणीत बॉक्स घेणार असाल तर वाटणी कशी, हे पैसे गोळा व्हायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाका. संघांच्या चिठ्ठ्या काढणार का? एका कार्डावर दोन संघांच्या खेळाडूंच्या सह्या असल्या तर ते कुणाचं? रिडेम्प्शन कुणाच्या नावावर? मोठं कार्ड निघाल्यावर हे ठरवायला बसलात तर मैत्रीचं काही खरं नाही.

आता सामान. बर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात टॉपलोडर (कार्ड ठेवायचं कडक प्लास्टिकचं पाकीट) मागितलात तर बहुधा आयकार्डचं पाकीट पुढे येईल. ते घेऊ नका, मऊ पीव्हीसी कालांतराने चिकटतं. पेनी स्लीव्ह (आत घालायचं पातळ प्लास्टिकचं पाकीट) आणि टॉपलोडर आधीच ऑनलाइन मागवा. साधं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचाचं आणि साधारण 35 पॉइंट जाडीचं असतं. पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड 130 पॉइंट किंवा त्याहूनही जाड निघतं, म्हणून दोन-चार जाड टॉपलोडर लागतातच. साध्यात कोंबलं तर कोपरे गेलेच.

आपल्याकडे खरा वैरी कूलर. क्रोम कार्डाला एका बाजूला चकचकीत थर आणि मागे पुठ्ठा असतो. पुठ्ठा ओल पितो, थर पीत नाही, आणि कार्ड पापडासारखं वळतं. होळीनंतर कूलर लागला की त्या खोलीतून कार्डं हलवा, झाकण घट्ट बसेल अशा डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पावसाळ्यातही तेच, फक्त पुड्या लवकर बदलाव्या लागतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना पार्सल गेटवर ठेवायला सांगू नका, घरी कुणीतरी असेल अशी सोय करा. आल्यावर तासभर सावलीत राहू द्या. कुणी म्हणेलच, ‘अबे, पत्तेच तर आहेत!’ म्हणू द्या.

फोडायच्या दिवशी तर्री-पोहे खाऊन थेट बसू नका. हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. टेबलावर स्वच्छ सुती कापड, वर पंखा बंद. सील दिसेल असा व्हिडिओ सुरू करूनच बॉक्स उघडा, माल कमी निघाला तर तोच पुरावा. कार्ड कडांना धरा, सहीवर बोट फिरवू नका. आधी स्लीव्ह, मग टॉपलोडर, आणि तोंडाला निळी पेंटर टेप. साधा सेलोटेप नको, त्याचा गोंद राहतो.

जामठ्याच्या स्टेडियमवर रणजी सामना असेल तर एखादं साधं कार्ड आणि बारीक टोकाचा शार्पी मार्कर खिशात असू द्या. तिथे गर्दी कमी असते, खेळाडू भेटू शकतात. फेब्रुवारी-मार्च 2025 ची अंतिम लढत तिथेच झाली, विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला आणि हर्ष दुबेने त्या एका मोसमात 69 बळींचा विक्रम केला. अशी सही तुमच्यासाठी लाखमोलाची. पण तिला कंपनीची हमी नसते, त्यामुळे विकायची झाली तर सही तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे पाठवावी लागेल.

सगळं आटोपल्यावर साध्या कार्डांचा ढीग उरतो. सोसायटीतल्या पोट्ट्यांना वाटून टाका, पण वाटण्याआधी प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी बघा. 25 पैकी 7, म्हणजे तसं कार्ड फक्त 25च छापलंय, असा बारीक नंबर एखाद्यावर कुठेतरी कोपऱ्यात छापलेला असतो.