कोकोपीटवर हायड्रोपोनिक शेती करताय? या चुका टाळा

पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची फळावर आली की फोन सुरू होतात. "फळाच्या खालच्या टोकाला काळा डाग पडतोय, कुठलं बुरशीनाशक मारू?" मी विचारतो, लागवडीआधी कोकोपीट धुतलं होतं का? पलीकडे शांतता. मग हळूच, "ते धुवायचं असतं?"

धुवायचं असतं. आणि नुसतं धुऊनही भागत नाही.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, मातीऐवजी त्यात रोपं वाढवतात. नारळाचं झाड पोटॅशियम भरपूर घेतं, ते त्याच्या सोडणात उतरतं. त्यात काथ्या सोडवण्यासाठी केरळात सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवतात, म्हणजे सोडियमही आलं. हे क्षार दोन प्रकारे बसलेले असतात. काही मोकळे, ते साध्या पाण्याने निघून जातात. काही भुश्याच्या कणांना चिकटलेले. ते पाण्याला दाद देत नाहीत. कॅल्शियम आलं की मात्र जागा सोडतात आणि तिथे कॅल्शियम बसतं. ही अदलाबदल लागवडीआधी उरकली नाही, तर ती पीक उभं असताना होते. तुम्ही ड्रिपमधून दिलेलं कॅल्शियम रोपाला मिळण्याआधी कोकोपीटच गिळतं. शिवाय सुटलेलं सोडियम-पोटॅशियम मुळांभोवती राहतं. काळा डाग बुरशीचा नसतो, फळाला कॅल्शियम कमी पडल्याचा असतो. त्यावर कितीही फवारलं तरी उपयोग नाही.

माझी पद्धत अशी. दाबलेल्या कोकोपीटचा 5 किलोचा ब्लॉक पाण्यात फुलवला की साधारण 65 ते 70 लिटर भुसा होतो. तो साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचा. मग ब्लॉकमागे 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट 30 लिटर पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी निथळायचा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवायचा. धुणं कधी थांबवायचं? त्यासाठी ईसी बघतात, म्हणजे पाण्यात किती क्षार आहेत त्याचं मीटरवरचं माप (mS/cm मध्ये). 'ईसी 0.5 च्या आत आला की' असं पाठ करून बसू नका. तुमच्या बोअरचाच ईसी 1 असेल तर निघणारं पाणी 0.5 कसं होईल? आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी, दोन्ही मोजा. फरक 0.3 च्या आसपास आला की झालं.

'धुतलेलं, बफर्ड' (म्हणजे कॅल्शियमची अदलाबदल आधीच उरकलेलं) असं छापलेल्या, कोकोपीट भरलेल्या ग्रो बॅगाही तपासून घ्या. एका लॉटमध्ये मला निम्म्या बॅगा ठीक आणि निम्म्या खारट मिळाल्या होत्या. पुरवठादाराने दोष माझ्या पाण्यावर ढकलला. तेव्हापासून प्रत्येक गाडीतल्या आठ-दहा बॅगा भिजवून ईसी पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. घरामागे सोडणांचा ढीग असताना तमिळनाडूतल्या पोल्लाचीहून ब्लॉक का मागवायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण ताज्या सोडणाचा भुसा लगेच वापरू नका. त्यातून चहासारखं तपकिरी पाणी निघतं, त्यातला टॅनिनचा अंश कोवळ्या मुळांना मानवत नाही, आणि कुजताना हा भुसा रोपाच्या वाट्याचा नत्र ओढतो. तो आधी कित्येक महिने मुरू द्यावा लागतो.

मातीची सवय

बाकीच्या बहुतेक चुका मातीच्या सवयीतून येतात. मातीत दिवसाला पाण्याची एक लांबलचक पाळी चालते, वाफसा हाताने कळतो. कोकोपीट वरून भुरकट, कोरडं दिसतं आणि तळाशी चिंब असतं. वर बघून पाणी सोडणारा माणूस मुळं बुडवतो. बॅग उचलून वजनाचा अंदाज घ्यायला शिका. उन्हाळ्यात थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा पाणी द्या. पहिली पाळी सूर्योदयानंतर तासा-दोन तासांनी, शेवटची सूर्यास्ताच्या दोन तास आधी. पावसाळी ढगाळ हवेत पाळ्या कमी करा, टायमर मे महिन्यावरच ठेवू नका.

एका बॅगेखाली ट्रे ठेवा आणि एक जादा ड्रिपर बाटलीत सोडा. दिवसाअखेर दोन्हीकडचं पाणी मोजा. दिलेल्याच्या 20 ते 30 टक्के पाणी ड्रेनमध्ये, म्हणजे निथळून ट्रेमध्ये यायला हवं. त्याचा ईसीही पाहा. तुम्ही 1.8 देताय आणि ड्रेन 3 च्या वर गेलाय, म्हणजे बॅगेत क्षार साठतायत. इथे पाणी वाढवायचं असतं. बरेच जण रोप सुकल्यासारखं दिसतं म्हणून खत वाढवतात आणि उरलीसुरली मुळंही जाळतात. बॅग धुताना साधं पाणी सोडू नका, निम्म्या ताकदीचं द्रावण सोडा. ड्रेनचा ईसी दिलेल्यापेक्षा कमी येत असेल तर मात्र रोप खरंच उपाशी आहे.

दुसरी सवय 19:19:19 या विद्राव्य नत्र-स्फुरद-पालाश खताची. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, आणि निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. युरिया ईसी मीटरवर दिसत नाही. मातीतले जिवाणू त्याचं रोपाला घेता येईल असं रूप करतात, नव्या कोकोपीटमध्ये ते फारसे नसतात. इथे पूर्ण आहार तुम्हालाच द्यायचा आहे. दोन टाक्या लागतात: एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. घट्ट द्रावणात हे एकत्र केलं की पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात. ट्रॅक्टरभर शेणखत बॅगेत मिसळणाऱ्यांनाही हेच सांगणं: ते मातीला द्या.

पिवळी पानं

कुठली पानं पिवळी पडली ते आधी बघा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह कमी. जुनी, खालची पानं तशी झाली तर मॅग्नेशियम. लोहाबाबत आणखी एक मेख आहे: पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं, त्यामुळे पीएच चढत राहतो. 6.5 च्या वर ईडीटीए लोह (लोहखताचा नेहमीचा चिलेटेड प्रकार) टिकत नाही, तुम्ही घालता आणि ते वाया जातं. आधी आम्ल देऊन द्रावणाचा पीएच 5.8 ते 6.2 वर आणा. त्याने भागलं नाही तरच चढ्या पीएचलाही टिकणाऱ्या महाग ईडीडीएचए लोहाकडे वळा.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या

ग्रो बॅगला निचऱ्याच्या चिरा आधीच पाडू नका. बॅग द्रावणाने गच्च भरा, एक दिवस तशीच राहू द्या, मग दोन रोपांच्या मधे, अगदी तळाशी चिरा द्या. आधी चिरा पाडलेली बॅग सगळीकडून सारखी कधीच भिजत नाही.

बॅगेवर हिरवं शेवाळ आणि काळ्या बारीक माश्या दिसल्या तर कीटकनाशकाआधी पाणी कमी करा. पिवळे चिकट सापळे लावा, पण ते फक्त उडणाऱ्या माश्या धरतात. मुळं खाणाऱ्या अळ्या खाली ओलीत असतात.

कोकोपीट किती वर्षं वापरायचं? मी ढोबळीची दोन पिकं घेतो. तोवर भुसा बसतो, हवा खेळत नाही. मुळकूज किंवा मर येऊन गेलेली बॅग एकाच पिकानंतर बाहेर काढतो, धुऊनही परत भरत नाही. बाकीचा जुना भुसा पावसाळाभर उघड्यावर पडू देतो, क्षार वाहून जातात. मग तो आंब्याच्या खड्ड्यांत टाकतो.