गुडघ्यावरच्या व्रणापासून सुरुवात : मुलांना अनुभवलेखनाचा विषय कसा सापडतो

‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ असा विषय फळ्यावर लिहिला की ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या शनिवारच्या वर्गातली निम्मी मुले पेन्सिल चावत बसतात आणि उरलेली महाबळेश्वरची सहल लिहायला घेतात. मुलांकडे अनुभव नसतात, असे मुळीच नाही; ‘अविस्मरणीय’ म्हणजे काहीतरी मोठे, असा त्यांचा समज झालेला असतो. म्हणून तो शब्द आधी पुसून टाकावा.

त्याऐवजी मुलाला अंगावरची एखादी खूण दाखवायला सांगावे आणि ती कशी झाली, हे विचारावे. गुडघ्यावरचा व्रण, हरवलेली छत्री, आवडत नसलेला स्वेटर यांच्यामागे प्रसंग असतोच. चौथीतल्या एका मुलीने ‘आम्ही तलावपाळीला गेलो, खूप मजा आली’ एवढेच लिहिले होते. नावेतून उतरताना कोणाचे काय झाले, असे विचारल्यावर ती सांगू लागली, की आजीची एक चप्पल तिथल्या मासुंदा तलावात पडली, आजी एका पायात चप्पल घालून जांभळी नाक्यापर्यंत चालली आणि दुकानात शिरण्यापूर्वी तिने उरलेली चप्पलही काढून पिशवीत लपवली. तिचा निबंध त्या पिशवीपासून सुरू झाला.

दुसरा उपाय नकाशाचा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मुलाला काढू द्यावा आणि जिथे भीती वाटली, भांडण झाले किंवा चुकायला झाले, तिथे फुल्या मारायला सांगाव्यात. एका मुलाने ठाणे स्टेशनच्या पुलावर फुली मारली, पण लिहिताना मात्र १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, अशी सुरुवात केली. ही माहिती खरी आहे, परंतु ती कोणीही लिहू शकेल. त्याच पुलावर गर्दीत बाबांचा हात सुटला, ते फक्त त्यालाच लिहिता येईल.

लिहिण्यापूर्वी मुलाला प्रसंग तोंडी सांगू द्यावा. मध्येच ‘तुला कसं वाटलं?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान वाटलं’ असेच येते. ‘तेव्हा तुझ्या हातात काय होतं?’, ‘आई नेमकं काय म्हणाली?’ असे विचारावे. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नयेत. घरातले भांडण किंवा कोणाचा मृत्यू याविषयी मूल बोलायला तयार नसेल, तर तो विषय तिथेच सोडावा. चांगल्या निबंधासाठी त्याला दुखवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटते.

शेवटी एक छोटी वही ठेवावी. रोज झोपताना दिवसातली एकच गोष्ट एका ओळीत लिहावी, आणि पंधरा दिवसांनी त्यांतली कोणती ओळ मूल न विचारताच पुढे सांगू लागते, ते ऐकावे.