वर गेलेलं रॉकेट शाबूत खाली आणायचं कसं

हौसेने बांधलेलं रॉकेट वर नेण्याचं काम मोटर करते. ती प्रमाणित, तयार विकत मिळते. घरी इंधन शिजवण्याच्या फंदात पडू नका. बांधणाऱ्याचा खरा कस लागतो तो तीन, सहा, आठ किलोमीटरवरून रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत खाली आणताना. म्हणून वर जाण्याचं आधी झटपट आटोपू.

मोटरच्या नावातलं अक्षर एकेक पुढे सरकलं की एकूण आवेगाची (जोर गुणिले जळण्याचा वेळ) कमाल मर्यादा दुप्पट होते. आय मोटर ६४० न्यूटन-सेकंदांपर्यंत, एल ५,१२० पर्यंत, त्यापुढे एम. एनएआर आणि ट्रायपोली या अमेरिकी संघटनांच्या परवान्याच्या पायऱ्याही याच अक्षरांवर बेतलेल्या आहेत: पहिली एच-आयची, दुसरी जे ते एलची, तिसरी एमपासून पुढची. पायऱ्या गाळू नका. हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी आणि मोकळं मैदान आधी, रॉकेट नंतर.

रेलवरून (उड्डाणावेळी रॉकेट सरळ धरणाऱ्या उभ्या पट्टीवरून) सुटताना वेग निदान १५ मीटर प्रति सेकंद हवा, नाहीतर फिनांना (शेपटीच्या पंखांना) हवेत पकड मिळत नाही आणि वारा येतो त्या दिशेला रॉकेट मान टाकतं. मोटरचा जोर वजनाच्या पाचपट असेल तर २ मीटर रेलवर साडेबारापर्यंतच वेग येतो. ३ मीटर रेल लागेल. जोर आठपट असेल तर २ मीटर पुरतात. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचं बाजूचं बल जिथे एकवटतं त्या बिंदूच्या) पुढे, नळीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर ठेवा. ध्वनीच्या वेगापलीकडे जाणार असाल तर दुपटीच्या खाली येऊ नका, कारण वेग चढत जातो तसा फिनांचा प्रभाव घटतो आणि दाबकेंद्र पुढे सरकतं. वजनं आणि मापं ओपनरॉकेट या सॉफ्टवेअरमध्ये भरली की हे आकडे मिळतात. मात्र रंग, गोंद आणि दोऱ्यांसकट भरलेलं रॉकेट काट्यावर टाकून, दोरीवर तोलून गुरुत्वमध्य प्रत्यक्ष मोजा. कागदावरचं वजन नेहमी कमीच निघतं.

आता उतरण्याकडे वळू. ६ किलोमीटरवर थेट मोठं पॅराशूट उघडलं आणि रॉकेट ६ मीटर प्रति सेकंदाने उतरू लागलं, तर १,००० सेकंद लागतील. ८ मीटरच्या वाऱ्यात ते ८ किलोमीटर लांब जाऊन पडेल. म्हणून दोन टप्पे करायचे. शिखरावर छोटं पॅराशूट, म्हणजे ड्रोग, सोडायचं आणि २५ मीटरच्या वेगाने ३०० मीटरपर्यंत यायचं. मोठं पॅराशूट, म्हणजे मेन, तिथे उघडायचं. एकूण वेळ २७८ सेकंद आणि वाहवत जाणं सव्वादोन किलोमीटर, म्हणजे पायी गाठता येईल इतकं. ८ किलोच्या रॉकेटला ६ मीटरच्या वेगाने उतरवायला चांगल्या घुमटाकार पॅराशूटचा व्यास सुमारे पावणेदोन मीटर लागतो.

दोन्ही पॅराशूटं काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या, छोट्या स्फोटाने बाहेर ढकलली जातात. हे दोन्ही स्फोट हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा अल्टिमीटर घडवतो. त्याला बाहेरचा दाब कळावा म्हणून त्याच्या कप्प्याला भोकं पाडावी लागतात, आणि निम्म्या भानगडी इथेच होतात. प्रमाण असं: १,६४० घनसेंटिमीटर जागेला ६.३५ मिलिमीटरचं एक भोक, किंवा तेवढ्याच एकूण क्षेत्रफळाची अनेक. ९८ मिलिमीटर आतला व्यास आणि २५० मिलिमीटर लांबीचा कप्पा असेल तर सुमारे ३.४ मिलिमीटरची चार भोकं, सारख्या अंतरावर. दोनच समोरासमोर पाडली तर वारा एकीतून शिरून दुसरीतून निघतो आणि दाब हेलकावे खातो. भोकं नाकाच्या शंकूच्या शेवटापासून निदान चार व्यास मागे हवीत. त्यांच्या पुढे स्क्रूचं डोकं किंवा रेलचं बटण येऊ देऊ नका, आणि कडा घासून गुळगुळीत करा. उलट स्फोटाच्या बाजूच्या भिंतीला तारेपुरतीही फट राहता कामा नये. तिथून वायू कप्प्यात शिरला तर अल्टिमीटरला वाटतं की रॉकेट एकदम खाली आलं, आणि तो मेन ६ किलोमीटरवरच सोडतो. तारा आत नेल्या की भोक मेणाने किंवा इपॉक्सीने बुजवा.

अल्टिमीटर दोन लावा, वेगवेगळ्या बनावटीचे, प्रत्येकाला स्वतःची बॅटरी, स्वतःचं बटण आणि स्वतःचे स्फोटक भार. दुसऱ्याचा ड्रोगचा स्फोट शिखरानंतर एक-दोन सेकंदांनी आणि मेनचा २०० मीटरवर ठेवा. दारू थोडी जास्त. स्प्रिंगच्या टोकांवर टेकलेली बॅटरी उड्डाणाच्या धक्क्यात क्षणभर सुटते आणि अल्टिमीटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून बॅटरीला पट्टी बांधाच. प्रत्येक तार स्क्रूखाली आवळली की बोटाने ओढून पाहा. ती सुटायची असेल तर टेबलावरच सुटू दे.

नळीचे भाग हवेच्या ओढीने आपसूक सुटू नयेत म्हणून नायलॉनचे तुटणारे स्क्रू लावतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या भिंतीवर एक बार जास्तीच्या दाबाने सुमारे ७८५ न्यूटन बल पडतं. २-५६ मापाचा एक नायलॉन स्क्रू साधारण १५५ न्यूटनला तुटतो. तीन लावले तर ४६५, म्हणजे हातात भरपूर राखीव. पॅराशूटच्या ४०० मिलिमीटर लांब कप्प्यात एवढा दाब आणायला सुमारे दीड ग्रॅम काळी दारू लागते. पण हा फक्त पहिला अंदाज. खरा आकडा जमिनीवर ठरतो:

१. रॉकेट उड्डाणासारखंच पूर्ण भरा, पॅराशूट, सुटलेले भाग बांधून ठेवणारा दोर, स्क्रू सगळं. मोटर मात्र बाहेर.
२. ते आडवं ठेवा, समोर आणि मागे कोणी नको, लांब तारेने १० मीटरवरून पेटवा. डोळ्यांवर चष्मा हवा.
३. भाग जोरात सुटून दोर बहुतेक ताणला गेला आणि पॅराशूट पूर्ण बाहेर आलं तर पास. भाग नुसते सरकले तर दारू पाव ग्रॅमने वाढवा.
४. दोर सूं करून ताणून झटका देत असेल तर दारू कमी करा, नाहीतर एखादा जोड उखडेल.

दोर रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाचपट घ्या. आखूड दोर वेगात ताणला की नळीची कड चेनसारखी उभी फाटत जाते. शिखर चुकून स्फोट उशिरा झाला तरी हीच फाट दिसते.

६ किलोमीटरच्या वर काळी दारू फसवते. तिथली हवा इतकी विरळ असते की जळते कण दुसऱ्या कणांना पेटवण्याआधीच विखुरतात आणि बरीच दारू न जळताच उडून जाते. रबरी नळीत ती घट्ट कोंबून दोन्ही टोकं आवळा, किंवा कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर फोडणारी यंत्रणा लावा.

शोधण्यासाठी नाकात जीपीएस ट्रॅकर. नाक फायबरग्लासचं हवं. कार्बन फायबर रेडिओ अडवतं. अँटेनाशेजारून लोखंडी सळई नेऊ नका. जीपीएस सुसाट चढताना पकड सोडतं, आणि अनेक ग्राहक-चिप १८ किलोमीटर उंची किंवा ५१५ मीटर प्रति सेकंद वेगापलीकडे मुद्दामच गप्प बसवलेल्या असतात. शिखराजवळ वेग मंदावला की बिंदू परत उमटू लागतात.

शिखरावरचं पहिलं दर्शन मात्र डोळ्यांनीच व्हावं. ड्रोगसोबत चमचाभर रंगीत खडूची पूड भरा. निळ्या आकाशात अचानक एक ढगासारखा ठिपका फुलतो. दीड किलोमीटरवर असेल तर त्याचा 'फट' आवाज साडेचार सेकंदांनी पोचतो, तोपर्यंत ठिपका पसरलेला असतो. आकाश काळं पडलेलं आणि क्षितिज वाकलेलं पाहायचं तर फार वर जावं लागतं. हौशी गटाचं रॉकेट पहिल्यांदा अवकाशात गेलं ते १७ मे २००४ ला, नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून. गोफास्ट त्याचं नाव, उंची सुमारे ११६ किलोमीटर.

रॉकेट दिसलं की धावत जाऊन उचलू नका. बाजूने उभं राहून अल्टिमीटरच्या शिट्या ऐका, चारही भार उडाले की नाही ते बाहेरून पाहा. एखादा शाबूत असेल तर उघड्या तोंडापुढे हात न नेता आधी दोन्ही बटणं बंद करा, मगच दोर गोळा करा.