नारळ सहा असले की प्रोग्रॅम चालतो, पाच असले की अडकतो: शेफ भाषेतल्या या चुका टाळा

हाताला चव असलेल्या माणसाची शेफ या प्रोग्रॅमिंग भाषेत सुरुवातीला जास्तच फजिती होते. तो आज्ञा वाचतो आणि स्वयंपाकघरातला अर्थ लावून मोकळा होतो. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मॉर्गन-मार यांनी २००२ मध्ये ही भाषा केली, ती प्रोग्रॅम पाककृतीसारखा वाचता यावा आणि जमल्यास रांधूनही खाता यावा म्हणून. आतली रचना मात्र साध्या स्टॅकची आहे. मिक्सिंग बोल म्हणजे स्टॅक, जिन्नस म्हणजे व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव), आणि बेकिंग डिशमध्ये जे ओताल तेच शेवटी स्क्रीनवर येणार. तव्यावरून काढून एकावर एक ठेवलेली घावनं आठवा. शेवटी पडलेलं घावन आधी ताटात जातं.

इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रोग्रॅममध्ये त्या इंग्रजीतच, रोमन लिपीत लिहायच्या, आणि आकडेही इंग्रजीच. मराठी कीबोर्डवर ४८ टाइप करून इंटरप्रिटरला (प्रोग्रॅम वाचून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) शिव्या घालू नका. जिन्नसाचं नाव मात्र तुमच्या मर्जीचं. रोमनमध्ये 'कोकम', 'तिरफळ' काहीही चालतं, फक्त यादीत आणि कृतीत अक्षर न् अक्षर तेच हवं. वर 'कोकोनट' आणि खाली 'कोकोनट्स' असेल, तर ते दोन वेगळे जिन्नस झाले आणि दुसऱ्याला किंमतच नाही.

'ॲड' म्हणजे भांड्यात घालणं नव्हे

भांड्यात घालण्यासाठी आज्ञा आहे 'पुट'. 'ॲड' बेरीज करते. जिन्नसाची किंमत बोलमधल्या सगळ्यात वरच्या किमतीत मिळवते आणि उत्तर तिथेच ठेवते. रिकाम्या बोलमध्ये पहिलीच ओळ 'ॲड सॉल्ट' लिहिलीत तर मिळवायला खाली काहीच नसतं. तसंच 'रिमूव्ह' म्हणजे वजाबाकी, 'कम्बाइन' म्हणजे गुणाकार, 'डिव्हाइड' म्हणजे वरच्या किमतीला जिन्नसाच्या किमतीने भागणं. चारही वेळा बदलतं ते बोलमधलं. जिन्नसाची स्वतःची किंमत जागची हलत नाही. ती बदलायची तर 'फोल्ड' लागतं, म्हणजे बोलमधली वरची किंमत काढून जिन्नसात ठेवणं. पहिले दोन दिवस ह्या सहा आज्ञा कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. पाठ झाल्या असं वाटलं तरी कागद काढू नका.

सुकं की पातळ

ग्रॅम, किलो आणि चिमूट ही मापं सुकी, म्हणून ती किंमत आकडा म्हणून छापली जाते. मिलिलिटर, लिटर आणि 'डॅश' पातळ, म्हणून तिथे त्या क्रमांकाचं युनिकोड अक्षर छापलं जातं (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत). कप, टीस्पून आणि टेबलस्पून दोन्हीकडचे. त्यांच्यापुढे 'हीप्ड' किंवा 'लेव्हल' लावलं की सुकं नक्की होतं, नाहीतर अर्थ संदिग्ध राहतो आणि आकडाच छापला जातो. नारळाचं दूध दोन कप लिहून अक्षराची वाट पाहणं फुकट आहे. इंटरप्रिटरला दूध कळत नाही, माप कळतं.

युनिकोड अक्षरं म्हणजे देवनागरीही आली. 'कोकण' छापायचं तर क २३२५, ओकाराची मात्रा २३७९, पुन्हा क २३२५ आणि ण २३३९. घाईतला माणूस सरळ '२३२५ मिलिलिटर कोकम' लिहितो. भाषेसोबतच्या 'हॅलो वर्ल्ड सुफ्ले' या नमुन्यातसुद्धा १०१ अंडी आणि १११ कप तेल आहे, तेव्हा परंपरा जुनीच. पण ही आळशी पद्धत आहे, आणि असला पदार्थ कुणी तोंडात घालणार नाही.

देवनागरीचा गट २३०४ पासून सुरू होतो, आणि २३०४ म्हणजे ४८ गुणिले ४८. मग जिन्नस असे घ्या: तांदळाचं पीठ ४८ ग्रॅम, ओला नारळ ७५ ग्रॅम, गूळ ३५ ग्रॅम, काजू २१ ग्रॅम. हे प्रमाण उकडीच्या तीन-चार मोदकांचं आहे. पीठ 'पुट' करा, पीठच 'कम्बाइन' करा, बोलमध्ये वर २३०४ येतात. त्यात काजू 'ॲड' केले की क, नारळ 'ॲड' केला की मात्रा, गूळ 'ॲड' केला की ण. चार वेळा तीन-तीन ओळी, बारा आज्ञांत काम होतं.

सगळे जिन्नस सुके आहेत, म्हणून शेवटी 'लिक्विफाय कन्टेन्ट्स ऑफ द मिक्सिंग बोल' लागतं. ते 'पोअर'च्या आधीच. 'पोअर' बोलमधल्या मालाची नक्कल डिशमध्ये टाकतं. ओतून झाल्यावर बोल पातळ केलात तर डिशमधले आकडे आकडेच राहतात. आणि 'पोअर'ने बोल रिकामा होत नाही, त्याला 'क्लीन' वेगळं.

क्रम उलटा ठेवायचा हे सांगूनही विसरतात. ण आधी, मग क, मग मात्रा, मग क. सरळ घातलंत तर 'णकोक' मिळेल. 'मासा' सरळ घातलात तर त्याहून वाईट, सुरुवातीलाच धरायला व्यंजन नसलेली मात्रा येते आणि ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते. सगळीकडे नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर कृतीला हात लावू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी सीएचसीपी ६५००१ ही युनिकोड लावणारी आज्ञा द्या, तरीही चौकोन राहिले तर फॉन्ट बदला. अख्खा शब्द लिहिण्याआधी एकच क छापून बघायची सवय लावली तर ही भानगड पाच मिनिटांत उलगडते.

पाच नारळ

आता लूप. 'क्रॅक द कोकोनट' म्हटलं की लूप सुरू होतो, 'क्रॅक द कोकोनट अन्टिल क्रॅक्ड'ला संपतो. नारळाची किंमत शून्य होईपर्यंत मधल्या ओळी पुन्हा पुन्हा चालतात. शेवटच्या ओळीत जिन्नसाचं नाव असेल तरच त्याची किंमत दर फेरीला १ ने कमी होते. नुसतं 'क्रॅक अन्टिल क्रॅक्ड' लिहिलंत तर काहीच कमी होत नाही, नारळ फुटतच राहतात आणि बोल भरत राहतो.

देवगडच्या एका विद्यार्थ्याचा किस्सा याहून बिकट. त्याला ६ पासून १ पर्यंत उतरती मोजणी छापायची होती. त्याने लूपमध्ये नारळ 'पुट' केला, नोंद म्हणून. मग पुन्हा नारळ 'पुट', त्यातून १ किमतीचं लिंबू 'रिमूव्ह', आणि उत्तर नारळातच 'फोल्ड'. इथवर शुद्ध काम. शेवटी मात्र 'क्रॅक द कोकोनट अन्टिल क्रॅक्ड'. छापून आलं २ ४ ६. पोराने कृती वाचलीच नाही, इंटरप्रिटर बदलला. दुसराही तेच म्हणाला. मग 'सहाच्या ऐवजी पाच घालून बघू' म्हणून नारळ ५ केले आणि लॅपटॉपचा पंखा चतुर्थीतल्या ढोलासारखा वाजू लागला. बॅटरी संपली तेव्हाच तो थांबला.

झालं असं की एक नारळ 'फोल्ड'ने कमी केला आणि दुसरा 'अन्टिल'ने. सहाचे चार, चाराचे दोन, दोनाचे शून्य, म्हणून थांबला. पाचाचे तीन, तिनाचा एक, एकाचे उणे एक. लूप 'शून्य आहे का' एवढंच विचारतो, 'शून्याखाली गेलं का' हे विचारत नाही. उणे एक शून्य नाही, तेव्हा चालू द्या. म्हणून नवा लूप नेहमी एका सम आणि एका विषम संख्येवर तपासा, आणि दोन्हीपेक्षा आधी १ वर.

दुरुस्ती सोपी होती. लिंबाच्या तिन्ही ओळी काढल्या, घट 'अन्टिल'वर सोडली. तेवढ्याने १ २ ३ ४ ५ ६ आलं, स्टॅक उलटा वाचला जातो म्हणून. उतरत्या क्रमासाठी 'पुट'नंतर 'स्टर द मिक्सिंग बोल फॉर १० मिनिट्स' ही ओळ. इथले मिनिट वेळेचे नव्हेत. वरची किंमत दहा जागा खाली जाते, आणि तेवढा माल बोलमध्ये नसेल तर थेट तळाला. सहा किमतींना दहा मिनिटं पुरून उरतात.

क्रियापदही सरळ निवडा. 'बॉइल–बॉइल्ड', 'क्रॅक–क्रॅक्ड' ठीक. 'ग्राइंड–ग्राउंड' व्याकरणाला शुद्ध असलं तरी काही इंटरप्रिटर त्यावर अडखळतात. 'स्टर', 'मिक्स', 'फोल्ड' ही आधीच भाषेची झालेली क्रियापदं लूपला वापरू नयेत.

उरलेल्या

'सर्व्हज १' नाही, तर आउटपुट नाही. प्रोग्रॅम मुकाट्याने संपतो आणि लोक तासभर बोल तपासत बसतात. शीर्षकानंतर पूर्णविराम हवा, भागांमध्ये रिकामी ओळ हवी. एकच जिन्नस यादीत दोनदा लिहिला तर नंतरची किंमत धरली जाते. दोन बोल असतील तर '१ला', '२रा' हे इंग्रजीत अंक आणि प्रत्यय लावून लिहा, 'फर्स्ट' असं अक्षरी नको. 'मिक्स वेल' बोलमधला क्रम विस्कटून टाकतं, शोभेसाठी लिहू नका.

'सर्व्ह विथ' वापरून दुसरी कृती बोलवता तेव्हा मदतनीस आचाऱ्याला तुमच्या बोलांची नक्कल मिळते, आणि काम झाल्यावर त्याच्या पहिल्या बोलमधलं सगळं तुमच्या पहिल्या बोलमध्ये येऊन पडतं. त्याने जुना माल तसाच ठेवला असेल तर तुमचंच सामान दुप्पट होऊन परत येतं. मदतनिसाच्या कृतीत हवी ती किंमत आधी 'फोल्ड' करून घ्या, लगेच 'क्लीन' करा, मग कामाला लागा.

मोदकांच्या कृतीत 'प्री-हीट ओव्हन' टाकणारेही आहेत. ती ओळ ऐच्छिक आहे, आउटपुटमध्ये तिने फरक पडत नाही. मोदक तेवढे वाफेवरच उकडा.