पैसा मार्चचा, झाडं मृगाची: अनेक विभागांच्या कंपनीने सीएसआर कसं आखावं

कारखाना चाकणला, गोदाम भिवंडीत आणि कार्यालय पुण्यात. अशा कंपनीत समाजकार्याची, म्हणजे सीएसआरची (कंपनीची सामाजिक जबाबदारी) आठवण बहुतेकदा फेब्रुवारीत होते. मग प्रत्येक विभाग घाईघाईने काहीतरी शोधतो: कुठे वह्यावाटप, कुठे वृक्षारोपण. मार्चमध्ये लावलेलं रोप मे महिना बघत नाही. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि जमिनीचं काम मृगाच्या आगेमागे चालतं. या दोन्हींचा मेळ एप्रिलमध्येच घालायला हवा.

आधी रक्कम काढा. मागच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू होतं. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावे लागतात. हा नफा कलम १९८ प्रमाणे मोजलेला, म्हणजे कर वजा करण्याआधीचा. तीन वर्षांचा नफा ३०, ४० आणि ५० कोटी असेल तर सरासरी ४० कोटी आणि खर्च ८० लाख. रक्कम ५० लाखांच्या वर गेली की संचालकांची सीएसआर समिती लागते. प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांपुढे जाता कामा नये, म्हणजे इथे ४ लाख.

हे ८० लाख विभागांत वाटू नका. तीन ठिकाणी वाटले की प्रत्येकाकडे सव्वीस-सत्तावीस लाख येतात आणि सगळीच कामं अर्धवट राहतात. कायद्यानेही कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. कारखान्याजवळची तीन-चार गावं धरा आणि विभागांकडून पैशाऐवजी कसब घ्या: कारखान्याचे अभियंते मोजमाप बघतील, गोदामाची माणसं वाहतुकीचं वेळापत्रक लावतील, कार्यालय दरपत्रकं आणि बिलं सांभाळेल. मात्र कर्मचाऱ्यांच्या श्रमदानाचे तास किंवा दिलेले जुने संगणक रुपयांत मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत.

इथेच हिशेबाच्या वह्या वेगळ्या करा. कारखान्याचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प किंवा पर्यावरण मंजुरीच्या अटीतला हरितपट्टा हे कायदेशीर कर्तव्य आहे, सीएसआर नव्हे. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही त्यात बसत नाही. गोदामाच्या छताचं पाणी जमिनीत मुरवणं चांगलंच आहे: १००० चौरस मीटर छत, ७०० मिमी पाऊस आणि २० टक्के गळती धरली तरी वर्षाला ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळतं. पण तो खर्च कंपनीच्या स्वतःच्या खात्यातला. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा आणि डिझेल-ऑइल सांडलेल्या अंगणाचं पाणी बोअरकडे मुळीच वळवू नका. एकदा बिघडलेलं भूजल सुधारायला वर्षानुवर्षं लागतात.

गावासाठी पहिलं काम म्हणून आम्ही तलावातला गाळ काढणं सुचवू. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहेच. ग्रामसभेचा ठराव आणि तलाव ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी हिवाळ्यातच घ्या, कारण खोदाईला तलाव कोरडा पडल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचेच दिवस मिळतात. काम हायवाच्या (डंपरच्या) खेपांवर मोजू नका. खोदलेली माती फुगते, शिवाय अर्धी भरलेली खेपही पूर्ण म्हणून लागते. खोदाईच्या आधी आणि नंतर तलावाच्या तळाची पातळी घ्या आणि घनमीटरवर बिल द्या. १०,००० घनमीटर गाळ निघाला तर एक कोटी लिटर जागा मोकळी होते, आणि तोच गाळ १० सेंटिमीटर जाडीने साधारण २५ एकरांवर पसरतो. त्याहून जाड थर देऊ नका. शेतात टाकण्याआधी मातीपरीक्षण करा. गाळ खारवट निघाला तर शेत सुधारण्याऐवजी बिघडेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक खोलीची असते. पाझर तलावात गाळाखालचा मुरूम उघडा पडला तर पाणी मुरतं, ते हवंच असतं. साठवण तलावात मात्र चिकणमातीचा थर फुटला की तलाव दिवाळीनंतर रिकामा होतो. बांधाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचं ते खात्याच्या अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्या, मगच पोकलेन आत सोडा.

झाडांसाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. रोपं दीड-दोन वर्षांची, तीन-चार फुटांची घ्या: करंज, कडुनिंब, जांभूळ, चिंच, उंबर, ताम्हण. जमीन चांगली भिजल्यावर लावा. पिशवी कापून पूर्ण काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं छाटा, नाहीतर झाड दोन वर्षांनी खुरटतं. उन्हाळ्यात दर आठवड्याला झाडामागे १० लिटर धरलं तरी हजार झाडांना १०,००० लिटरचा एक टँकर लागतो. तो खर्च आराखड्यात नसेल तर झाडांची संख्या कमी करा. आणि माळरानावर झाडं लावू नका! ती पडीक जमीन नव्हे. लांडगा, चिंकारा, माळढोक यांचं ते घर आहे.

तीन उन्हाळ्यांची निगा एका आर्थिक वर्षात बसत नाही. म्हणून संचालक मंडळाकडून हा ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. अशा प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन आर्थिक वर्षं मिळतात. ३१ मार्चला उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत बँकेतल्या वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात गेलीच पाहिजे. चालू प्रकल्प नसेल तर उरलेले पैसे ३० सप्टेंबरपर्यंत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या एखाद्या निधीत भरावे लागतात. मुदत चुकली तर दंड थकलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, जे कमी असेल ते. संस्थेमार्फत काम करायचं असेल तर पैसे देण्याआधी तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरची कामं करण्यासाठी संस्थेने केलेली सरकारी नोंदणी) तपासा.

शाळेला पाणी शुद्धीकरण यंत्र देणार असाल तर वीजबिल कोण भरणार आणि फिल्टर कोण बदलणार हे आधी ग्रामपंचायतीशी लेखी ठरवा. यंत्राची मालकीही कंपनीकडे ठेवता येत नाही. ती ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या सरकारी यंत्रणेच्या नावावर करा.

गाळ काढल्याचा परिणाम कळावा म्हणून कामाआधीच्या मे महिन्यात तलावाखालच्या दहा विहिरींची पाणीपातळी टेपने मोजून विहिरीच्या काठावर रंगाने क्रमांक टाका. पुढची तीन वर्षं दर मेमध्ये आणि दिवाळीनंतर त्याच विहिरी मोजा, आणि शेजारी त्या वर्षाचा पाऊस लिहा.