कामावरून आल्यानंतरचा अर्धा तास

नोकरी आणि लहान लेकरू यांचा मेळ घालताना बहुतेक जण तासांचा हिशेब मांडतात. मी मात्र दिवसातला एकच अर्धा तास राखायला सांगेन, तो म्हणजे कामावरून घरी आल्यानंतरचा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून कंपनीच्या बसने घर गाठेपर्यंत अंगात त्राण उरलेले नसते आणि दारातच स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, दोरीवरचे कपडे अशी कामे वाट पाहत असतात. तरीही हातपाय धुऊन, फोन आतल्या खोलीत ठेवून आधी लेकराजवळ बसावे. फार तर जेवण अर्धा तास उशिरा होईल.

या वेळात खेळणी किंवा शिकवणी लागत नाही. माझी दोन वर्षांची मुलगी माझा डबा उघडून त्यात उरलेली भाकरी शोधते, म्हणून मी दुपारी चतकोर भाकरी मुद्दाम राखून ठेवते. ती सापडली की दिवसभराचा रुसवा निघतो.

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी हा अर्धा तास हमखास बुडतो. त्या दिवशी पाइप आणि टाकी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे सोपवावी. तेवढे माणूसबळ नसेल, तर लेकराच्या हाती एक वाटी देऊन त्याला नजरेसमोर, बादलीपासून दूर बसवावे. सेकंड शिफ्ट लागली, तर घरी येईपर्यंत मूल झोपलेले असते. त्या आठवड्यात हाच वेळ सकाळच्या आंघोळीला जोडावा.

मूल अंगावर पीत असेल, तर कामाच्या ठिकाणीही वेळ मागता येतो, हे अनेकींना ठाऊक नसते. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुटीखेरीज दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कायद्यानुसार पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवे. ही मागणी तोंडी न करता लेखी अर्जाने करावी आणि पोच घ्यावी.

निघताना मुलाचा डोळा चुकवून मागच्या दाराने सटकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मात्र मोडावी. सांगून निघाल्यास लेकरू रडते खरे. पण न सांगता गेल्यास ते संध्याकाळी त्या अर्ध्या तासातही पदर सोडत नाही.